हलका ब्रेक

फुगा फुटला तेव्हा गाडी उभीच होती. सिग्नल लाल होता. स्टिअरिंगवर बसलेला विमा कचेरीतला कारकून पुढच्या गाडीच्या काचेवरची धूळ बघत होता, आणि शेजारच्या सीटवर तो, म्हणजे शिकवणारा, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता. फुटपाथवर कुठल्याशा चपलांच्या दुकानाचं उद्घाटन होतं. दाराला फुग्यांची कमान लावली होती, त्यातला एक फुटला. एवढंच. पण त्या आवाजासरशी त्याच्या उजव्या पायानं त्याच्या बाजूचा ब्रेक तळापर्यंत दाबला. शिकवणीच्या गाडीत दोन ब्रेक असतात, एक शिकणाऱ्यापुढं, एक शिकवणाऱ्यापुढं, आणि दोन्ही खालून एका दांडीनं जोडलेले असतात. एक दबला की दुसराही दबतो. कारकुनाच्या पायाखालून पेडल खाली गेलं. त्यानं आधी पायाकडं पाहिलं, मग याच्याकडं. "मास्तर, गाडी उभीच आहे की." "हो." "मग?" "काही नाही. बघत होतो, लागतो का नीट." सिग्नल हिरवा झाला. कारकुनानं क्लच सोडला, गाडी एक गचका देऊन बंद पडली, कारण याचा पाय अजून ब्रेकवरच होता. पायाला उचल म्हटलं होतं, पायानं ऐकलंही असावं, पण तो उचलला गेला नव्हता. मागून हॉर्न सुरू झाले. "सॉरी मास्तर, माझंच चुकलं," कारकून घामाघूम होत म्हणाला. आणि यानं त्याला ते म्हणू दिलं.

हे काही मोठं नव्हतं. घरी सांगण्याजोगं तर नव्हतंच. पण त्या दुपारी तो गाडीतून उतरला तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती आणि बोटं गार पडली होती, आणि संध्याकाळी जिना चढतानाही ती गारच होती. पूर्वी असं व्हायचं नाही असं नव्हे. या धंद्यात रोज कुणीतरी ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबतं, कुणीतरी वळताना डोळे मिटतं. छातीत धस्स व्हायचं, कानशिलं तापायची, आणि पुढच्या चौकापर्यंत सगळं ओसरायचं. आता ते ओसरेना. कुणीतरी घरात पाहुणा यावा, चहा पिऊन झाल्यावरही उठू नये, आणि आपण संकोचानं त्याला काही म्हणू नये, तसं ते आत बसून राहिलं. लिफ्टचं दार धाडकन लागलं की पाय ताठ. मोबाइल टेबलावर थरथरला की पाय ताठ. बायको कपडे दुरुस्तीचं काम घरीच करायची. तिची कात्री मशीनवरून घसरून फरशीवर पडली, तर याचा पाय टेबलाखाली असा आपटला की वाटी कलंडली. "अहो, टेबल चालवताय का?" ती म्हणाली. मग वाटी सरळ करत, जरा हळू आवाजात, "परवा झोपेत माझ्या नडगीवर मारलात. निळं पडलंय. बघायचंय?" त्याला बघायचं नव्हतं. पण तिनं दाखवलं.

लोक त्याला शांत मास्तर म्हणायचे. मोटार शिकवणारे बाकीचे लोक ओरडतात. "ब्रेक! ब्रेक! अहो बाई, ब्रेक म्हणतोय, डोळे कुठं आहेत!" असं काच खाली करून साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल इतकं ओरडतात. त्याला ते कधी जमलं नाही. चारचौघांत आवाज चढवायचा म्हटलं की त्याचा घसाच बंद व्हायचा. शाळेत असताना 'हजर' म्हणायचीसुद्धा पंचाईत. शिकवण्यांच्या मधल्या वेळात तो गाडीतच बसून जुनी पुस्तकं वाचायचा, पहिल्या पानावर दुसऱ्याच कुणाचं नाव असलेली, रद्दीतून आणलेली. असा माणूस या धंद्यात आला कसा, हे त्यालाही नीट आठवत नसे. एक नोकरी गेली होती आणि दुसरी मिळत होती, एवढंच. मग ओरडायचं ते काम पायानं पत्करलं. शिकणाऱ्याला कळायच्या आत गाडी थांबलेली असायची, आणि पुढं आलेला सायकलवाला निघून गेलेला असायचा. "किती धीराचे हो तुम्ही," बायका म्हणायच्या. "आमच्या ह्यांच्या शेजारी बसलं की रडू येतं." तो हसायचा. धीर म्हणजे काय असतो हे त्याला माहीत नव्हतं; त्याच्याकडं होतं ते भलतंच काहीतरी होतं आणि लोक त्याला चांगलं नाव देत होते. ते नाव परत करावं असं त्याला अधूनमधून वाटे, पण ते कुणाकडं परत करायचं?

फुग्यानंतर त्याला वाटू लागलं की हे फुग्यापासून सुरू झालेलं नाही. बस थांब्यावर, दाढी करताना, तो मागं मागं जात राही. मागं गेलं की शेवटी आई लागायची. आईला फेफरं यायचं. वडील कामावर जाताना चप्पल पायात सरकवत त्याला सांगायचे, लक्ष ठेव. तेव्हा तो नुकता वाचायला लागलेला. लक्ष म्हणजे काय ठेवायचं ते वडिलांनी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानंच शोधून काढलं. फेफरं येण्याआधी आई गळ्याजवळचं बटण चाचपायची. डोळे कुठंतरी खिडकीपलीकडं जायचे, बोटं बटणापाशी, आणि मग ती पडायची. म्हणून तो पुस्तक उघडून बसायचा आणि पुस्तकाच्या कडेवरून त्या बटणाकडं बघायचा. एकच परिच्छेद त्यानं किती वेळा वाचला असेल! बटणाकडं हात गेला रे गेला की तो ओरडायचा, आई! आणि उशी घेऊन धावायचा. बहुतेक वेळा आई नुसतं बटण लावत असायची. किंवा गळ्याला घाम आलेला असायचा. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, शेजारणीशी बोलताना हा मध्येच उशी घेऊन उभा. एकदा ती वैतागून खालीच बसली आणि म्हणाली, "अरे, एकदाची पडू दे रे मला!" मग तिलाच हसू फुटलं, तोही हसला, पण उशी त्यानं खाली ठेवली नाही. आई पुढं पुष्कळ जगली आणि वेगळ्याच आजारानं गेली. ओरडणं त्याचं त्याच वयात संपलं असावं. बघणं मात्र राहिलं. आता बटण कुठलं हे ठाऊक नसल्यामुळं तो सगळ्याकडंच बघत होता.

बायकोनं त्याला डॉक्टरकडं नेलं. तिथं त्याला फुग्याचं सांगावंच लागलं. डॉक्टर तरुण होता, चुणचुणीत होता, आणि हे सगळं त्यानं आज कितव्यांदा तरी सांगितलेलं होतं. "काका, काय होतं, आदिमानवापुढं वाघ आला की शरीर तयार होतं. एक तर लढायचं, नाहीतर पळायचं. रक्त हातापायांकडं धावतं, पचन बंद, तोंड कोरडं. वाघ गेला की सगळं पूर्ववत. आता वाघ नाहीत. पण शरीराला कोण सांगणार? त्याला मोबाइल म्हणजे वाघ, साहेब म्हणजे वाघ." "यांना फुगा म्हणजे वाघ," बायको म्हणाली. डॉक्टर मनापासून हसला. मग त्यानं विचारलं, काम काय करता, आणि ऐकून जरा थांबला. "म्हणजे बघा, तुम्हाला लढताही येत नाही आणि पळताही येत नाही. तुम्ही पट्टा लावून बसता." त्यानं श्वास मोजायला सांगितलं, सकाळी फिरायला सांगितलं, चहा कमी करायला सांगितलं. परत येताना तो वाघाचाच विचार करत होता. वाघ येतो तो खाऊन तरी जातो नाहीतर उपाशी तरी जातो. जातो हे नक्की. हा वाघ मागच्या सीटवर बसून होता, दारं बंद, काचा वर. आरशात दिसत नव्हता. चहा मात्र त्यानं कमी केला, आणि त्यामुळं डोकं दुखायला लागलं.

मोटार शिकवणीची शाळा एका बाईंची होती. नवरा गेल्यावर त्यांनी ती चालवायला घेतली आणि नवऱ्यापेक्षा बरी चालवली. सगळे त्यांना मालकीणबाई म्हणायचे. एका सकाळी त्यांनी त्याला पंख्याखाली बसवलं. पंखा त्या फक्त महत्त्वाच्या बोलण्याला लावायच्या. "मास्तर, तुमच्या हातची माणसं रेषा ओलांडतात." "कुठली रेषा?" "परीक्षेतली हो. थांबायची पांढरी रेषा. आरशात बघतात, इशारा देतात, वळण तर असं घेतात की जसं कुशीत घेतलंय. आणि रेषा ओलांडून जातात. त्या परीक्षकानं मला फोन करून विचारलं, तुमच्याकडं थांबायचं जादा पैसे घेऊन शिकवतात का म्हणून." "त्यांचा धीर सुटत असेल," तो म्हणाला. "परीक्षेच्या गाडीत अनोळखी माणूस शेजारी. भीती वाटते." "सगळ्यांनाच? तुमच्याच हातच्यांना? तो आपला दुसरा मास्तर, ओरड्या, त्याची माणसं वळताना कठडा घासतात, पण रेषेवर थांबतात." परीक्षकच कडक झाला असेल असं त्यानं मनाशी ठरवलं. ठरवताना आपण ठरवतो आहोत हे त्याला कळत होतं.

सिस्टर त्याच्याकडं त्या आधीपासून शिकत होती. मोठ्या इस्पितळात, अतिदक्षता कक्षात ती परिचारिका होती. पन्नाशीला टेकलेली, पायाच्या शिरा फुगलेल्या, बोलणं तडफदार. तिचं काम म्हणजे यंत्रांचे आवाज ऐकणं. कुठला पलंग, कुठलं यंत्र, किती घाईचं, हे ती पाठमोरी असतानाही सांगायची. "आणि मास्तर, घरी फ्रीजचं दार उघडं राहिलं तरी ते मेलं टीं टीं करतं. परवा उठले नि फ्रीजपाशी जाऊन त्याची सलाइन शोधत उभी. सून म्हणते, आई, काय हवंय? काय सांगू तिला, रोगी दगावतोय म्हणू?" तिला तिथून सुटायचं होतं. इस्पितळानं एक नवं पथक काढलं होतं, अंथरुणाला खिळलेल्या लोकांकडं घरी जाऊन बघणारं. एक परिचारिका, एक लहान गाडी, आणि गाडी तिनंच चालवायची. ती जागा तिला मिळाली होती, फक्त परवाना नव्हता. एकदा ती परीक्षेला बसून आली होती, आणि रेषा ओलांडून आली होती. "आता परत एकदाच," ती म्हणाली. "नाही झालं तर त्या जागेसाठी खालच्या मजल्यावरची ती नर्स पोरगी वाट बघतेय. आणि मी रिटायर होईपर्यंत त्या टींटींत. खरं सांगते, मास्तर, मी तिथं फार दिवस टिकणार नाही. मला आता कुठल्याही आवाजाचं काहीच वाटेनासं झालंय. परवा खरंच घाईचा आवाज होता आणि मी आधी हातातली सुई नीट ठेवली, झाकण लावलं, मग वळले. वाचला तो. पण मी झाकण लावलं."

तिच्या या बोलण्यानं तो दिवसभर अस्वस्थ होता. त्याला सगळ्याचंच काहीतरी वाटत होतं आणि तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं, आणि दोघं एका गाडीत शेजारी शेजारी बसत होते. ती चालवायची छान. नजर लांब, हात हलके, घाई नाही. तिच्या शेजारी त्याला इतरांपेक्षा कमी भीती वाटायची, असं त्याला वाटायचं. "तुमच्या गाडीचा ब्रेक किती हलका आहे हो," ती पहिल्या दिवसांतच म्हणाली होती. "नुसता पाय टेकवला की थांबते. शहाणी आहे." त्याला गाडीचं कौतुक ऐकून बरं वाटलं होतं.

मग एका सोमवारी ती कपाळाला पट्टी लावून आली. "काल दिराची गाडी घेतली, मैदानात. सराव म्हणून. अहो, काय ब्रेक आहे का दगड! मी पाय टेकवलाय, टेकवलाय, आणि गाडी आपली चाललीय वाळूच्या ढिगाकडं. ढिगात शिरल्यावर थांबली. दीर म्हणतो, वहिनी, दाबायचा असतो. मी म्हटलं, तूच दुरुस्त करून घे आधी, आमच्या मास्तरांची गाडी बघ." ती सांगत होती, हसत होती, पट्टीची कड बोटानं दाबत होती. त्याला पुढचं ऐकू आलं नाही. हातापायातलं बळ गेलं म्हणतात ते गेलं नाही. उलट सगळं बळ पायातच आलं, गाडी अजून सुरूही झाली नव्हती. पाय टेकवला की थांबते. पाय टेकवला, आणि पेडल तिच्या तळव्याखाली आपणहून खाली गेलं, आणि तिला वाटलं मी दाबलं. प्रत्येक चौकात. प्रत्येक सिग्नलला. त्या कारकुनाला, त्याच्या आधी शिकून गेलेल्या शिक्षिकेला, त्या दोघी बहिणींनाही तसंच वाटलं. कुणीही त्याच्या गाडीत कधी ब्रेक दाबलाच नव्हता. तो सगळ्यांच्या वतीनं दाबत आला होता, आणि ते परीक्षेच्या गाडीत बसून पाय टेकवत होते, आणि रेषा ओलांडत होते.

त्या दिवशी तिनं चालवलं आणि त्यानं आपल्या पायाकडं पाहिलं. पाहिलं म्हणजे परक्या माणसाच्या पायाकडं बघावं तसं. चौक अजून लांब होता, दिवा अजून पिवळाही झाला नव्हता, आणि बुटाचं टोक पुढं सरकलेलं. त्यानं टाच उचलून मागं घेतली. दिवा पिवळा झाला आणि पाय परत तिथंच. त्यानं हातानं गुडघा धरला. मग डावा पाय आला, वाकडा होऊन, ब्रेककडं. त्याला हसू आलं आणि त्याच वेळी दरदरून घाम सुटला. हा पाय त्याचाच होता, त्याच्याच पगारावर पोसलेला, आणि त्याला विचारतही नव्हता. घरी आल्यावर त्यानं मुलीला फोन केला, उगीच. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. लहानपणी तिला सायकल शिकवताना तो सीटचा मागचा दांडा धरून धावायचा. किती दिवस धावला! सोडतो सोडतो म्हणायचा आणि सोडायचा नाही. शेवटी ती वसतिगृहात राहायला गेली आणि तिथं मैत्रिणींनी तिला एका संध्याकाळी शिकवलं. गुडघे फोडून घेतले आणि शिकली. "बाबा, काय झालं? आवाज असा का येतोय?" "काही नाही गं. तू जेवलीस का?" "दुपारचे चार वाजलेत, बाबा." "बरं बरं." तिच्या त्या 'काय झालं' मध्येही धसका होता. तो तिला कुठून आला, हे विचारायची गरज नव्हती. त्यानं फोन ठेवला.

सिस्टरला सांगणं भाग होतं. परीक्षा शनिवारी होती. सांगायचं ठरवून तो गाडीत बसला आणि सांगू शकला नाही. परत येऊन गाडी शाळेपुढं उभी केल्यावर, तिनं किल्ली काढून त्याच्या हातात दिल्यावर, त्यानं ती परत तिच्या हातात दिली. "जरा बसा." "काय झालं?" "दिरांच्या गाडीचा ब्रेक चांगला आहे," तो म्हणाला. "म्हणजे?" "म्हणजे ही गाडी तुम्ही थांबवत नव्हता. मी थांबवत होतो." तिला कळायला वेळ लागला नाही, पण मानायला लागला. तिनं आपल्या पायाकडं पाहिलं, मग वाकून त्याच्या पायापुढच्या पेडलकडं. "दाबा बरं." त्यानं दाबला. तिच्या तळव्याखालचं पेडल खाली गेलं. "कधीपासून?" "पहिल्यापासून." "प्रत्येक वेळी?" "बहुतेक." "मग मी इतके दिवस काय करत होते?" "चालवत होता. उत्तम चालवत होता. फक्त थांबवत..." "गप्प बसा," ती म्हणाली. तो गप्प बसला. ते त्याला जमत होतं. तिचे कान लाल झाले होते. "डोक्याला खोक पडली माझ्या. मी त्या बिचाऱ्या दिराला चार माणसांत बोलले. आणि ती जागा, मास्तर? ती जागा गेली असती माझी! तुमची भीती तुमच्यापाशी ठेवायची होती ना. माझ्या पायाखाली कशाला घातलीत?"

तिनं काच खाली केली. रस्त्यावरचा आवाज आत आला. मग ती बोलली तेव्हा आवाज वॉर्डातला होता, कामाचा. "आमच्याकडं रोग्याच्या वतीनं श्वास घेणारं यंत्र असतं. फार दिवस लावून ठेवलं की माणूस विसरतो. छाती असते, फुप्फुसं असतात, सगळं असतं. पण यंत्र देतंय म्हटल्यावर तो घेत नाही." "मग?" "मग काढतो. थोडा वेळ. आणि शेजारी उभं राहतो. तो तडफडतो, घाबरतो, आपल्याकडं बघतो. हात शिवशिवतात. नव्या पोरी असतात ना, त्या लगेच परत लावतात. मी त्यांना सांगते, हात मागं बांध आणि उभी राहा." ती त्याच्याकडं वळली. "उद्या सकाळी येते. पाय बांधून बसा." "बांधून?" "कसंही. ते तुमचं तुम्ही बघा."

दोरी बांधणं त्याला फारच नाटकी वाटलं. सकाळी, गोदामांच्या मागच्या रुंद रस्त्यावर, त्यानं बूट काढले, ते मागच्या सीटखाली ठेवले, आणि शेजारच्या सीटवर चक्क मांडी घालून बसला, वरून पट्टा लावला. सिस्टरनं एकदा पाहिलं आणि हसू दाबलं. "प्रवचन सुरू करा आता." त्यानं मान हलवली. गाडी निघाली. पहिल्या वेळी तिनं सवयीनं पाय टेकवला आणि गाडी तशीच पुढं गेली. तिनं घाबरून दाबला तेव्हा दोघंही पट्ट्यावर आदळले. "जड आहे हो," ती म्हणाली. "असाच असतो," तो म्हणाला. परत. परत. मांडीखाली दाबलेला पाय मासा पिशवीत हलावा तसा हलत होता. गोदामाची भिंत जवळ येई, आणखी जवळ येई, त्याच्या मानेवरचे केस उभे राहत, तोंडाला धातूची चव येई, आणि काही करायला जागाच नसे. भीती अशी नुसती, काही न करता, त्यानं आयुष्यात कधी अनुभवली नव्हती. ती येत होती, वर चढत होती, आणि पायातून निघून जायची तिची वाट बंद असल्यामुळं छातीतच घुमत होती. आणि भिंत थांबायची. कधी अलीकडं, कधी जरा जास्तच जवळ, पण थांबायची. हळूहळू तिचे गचके कमी झाले. "आता येतंय," ती म्हणाली. "खालून कळतंय, कुठं धरतो ते." तिच्या स्वरात काहीतरी नवं होतं, तिला परत कशाचंतरी काहीतरी वाटत होतं. "रस्त्यावर घेऊ?" तो नाही म्हणणार होता. त्यानं मान हलवली, आणि ती हो अशी हलली.

रस्ता जागा होत होता. दुकानांची शटरं वर जात होती, प्रत्येक शटरला तो छातीवरचा पट्टा घट्ट धरत होता. ती एका सिग्नलला थांबली, नीट, रेषेच्या अलीकडं. दुसऱ्याला थांबली. तो मनात म्हणत होता, हे असं आहे तर, नुसतं बसायचं असतं. आणि म्हणता म्हणता त्याला जरा सैल वाटू लागलं, इतकं की मांडीखालच्या पायाला मुंग्या आल्यात हेही जाणवलं. एक टेम्पो कडेला उभा होता. त्याच्या पुढून, फुटपाथवरून एकदम, एक गादी रस्त्यात आली. दोघंजण ती उभी धरून नेत होते, ते दोघंही गादीमागं, दिसत होते फक्त त्यांचे चार पाय. गादी निळी होती, पट्ट्यापट्ट्यांची, आणि तिनं समोरची सगळी काच भरून टाकली. त्याच्या डोक्यात काहीच आलं नाही. कुणाचा चेहरा नाही, कुणाचं नाव नाही, ब्रेक हा शब्दही नाही. एक पांढरा आवाज आणि एक धक्का.

मग सगळं थांबलेलं होतं. गादी बंपरला टेकून किंचित वाकली होती, एखाद्यानं अंगावर रेलावं तशी. तिच्यामागून एक डोकं बाहेर आलं आणि म्हणालं, "ओ बाई! झोपायचंय का यावर?" "डोळे गादीत शिवलेत काय तुमचे?" सिस्टर ओरडली, अशी की समोरच्या दुकानदारानं मान वर केली. तिचे हात स्टिअरिंगवर होते आणि उजवा पाय ताठ होता, पोटरीपासून तळव्यापर्यंत. "मास्तर," ती म्हणाली, आवाज चिरका झाला होता, "मी थांबवली ना? का तुम्ही?" आणि उत्तराची वाट न बघता ती वाकून त्याच्या बाजूला, खाली, पेडलकडं बघू लागली.

पेडलवर पाय नव्हता. तिनं बघितलं म्हणून त्यानंही बघितलं. सीटवरही एकच पाय होता. त्याच्या बाजूचं दार सताड उघडं होतं, हात अजून कडीवर होता, आणि उजवा पाय बाहेर, मोजा घातलेला, रस्त्याच्या गार डांबरावर टेकलेला. अर्धं अंग पट्ट्यानं धरून ठेवलं होतं. नसतं धरलं तर तो आतापर्यंत कुठं असता, त्याला माहीत नव्हतं. दार कधी उघडलं हे त्याला आठवत नव्हतं. बाहेरची हवा थेट त्याच्या मानेवर येत होती. इतकी वर्षं हा पाय कुणाला वाचवत होता, असा काहीतरी प्रश्न वर यायला लागला, आणि त्याला तो सिस्टरच्या देखत नको होता. काहीतरी सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. बघत होतो, लागतं का नीट, दार. त्यानं तोंड मिटलं.

सिस्टर त्या पायाकडं बघत राहिली. तिला कळलं होतं. पळणारी माणसं तिनं पुष्कळ पाहिली असणार, नातेवाईक, नव्या पोरी, डॉक्टरसुद्धा. पण तिच्या चेहऱ्यावर त्याचा राग नव्हताच. तिथं आधी अविश्वास होता, आणि मग तो कडेकडेनं वितळत गेला. "तुमचा पाय तर बाहेर आहे," ती म्हणाली. "हो." "म्हणजे मीच." "हो," तो म्हणाला, "तुम्हीच." ती हसली, मोठ्यानं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, स्टिअरिंगवर तळवा आपटत, चुकून हॉर्न वाजला आणि गादीवाले आणखी चिडले. त्याला कुठं बघावं कळेना. एवढा आनंद देणारा पुरावा त्यानं आजवर कुणाला दिला नव्हता, आणि तो लपवायला जमिनीत जागाही नव्हती.

गादी बाजूला झाली. मागं गाड्यांची रांग लागली होती, हॉर्न एकात एक मिसळत होते, त्याचं काळीज प्रत्येक हॉर्नला वेगळं उडत होतं. "पाय आत घ्या, मास्तर," सिस्टर डोळे पुसत म्हणाली. "येताय ना?"

पायाला मुंग्या आल्या होत्या. तो आपणहून येईना. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलून आत घेतला, आणि दार ओढून लावलं.